तळ्याकाठचे चढ

तळं सपाट असतं, तेव्हा तळ्याकाठचा रस्ताही सपाटच असणार, अशा समजुतीत माणूस पवना धरणावर धावायला येतो. पवनानगर मागे टाकून ठाकूरसईच्या दिशेला लागलं की पहिल्या दोन किलोमीटरांतच ही समजूत मोडते. रस्ता चढतो, डोंगराच्या सोंडेला वळसा घालतो, ओढ्यापाशी खाली उतरतो, मोरी ओलांडतो आणि पुन्हा चढायला लागतो. एकेक चढ तसा किरकोळ. घाट म्हणावा असा एकच, दुधिवरे खिंडीचा. पण हे किरकोळ चढ-उतार संपता संपत नाहीत, आणि सलग अर्धा किलोमीटर सपाटी मिळाली तर माणसाला संशय यावा, आपण वाट तर चुकलो नाही ना.

आम्ही चिंचवडची मंडळी. वयाचा काही धरबंध नाही. हिंजवडीच्या कंपनीत काम करणारी पोरं आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, दोन डॉक्टर आहेत आणि शाळेत इतिहास शिकवणारी मी आहे. मार्गशीर्षात, थंडी जरा बोचायला लागली की पवनेवर एक मोठी दौड करायची, असा शिरस्ता पडलाय. तिला मॅरेथॉन म्हणायचं ते केवळ अंतराच्या हिशेबाने. छातीवर नंबर नाही, बुटाला चिप नाही, फुग्यांची कमान नाही. मुख्य म्हणजे माईक घेऊन ‘मावळ्यांच्या या पावन भूमीत’ म्हणून ओरडणारा सूत्रसंचालक नाही. सह्याद्रीत कुठेही डोंगराळ शर्यत असली की हे वाक्य ऐकावंच लागतं, आणि पहाटे पाच वाजता ते फारच जड जातं. आमच्याकडे तीसेक माणसं, एक टेम्पो आणि टेम्पो चालवणारे अण्णा. अण्णांना धावण्यात काडीचा रस नाही. पण कोण कुठल्या वळणावर ढेपाळणार, हे त्यांना आमच्या कोचच्या आधी कळतं.

टेम्पोत पाण्याचे जार, केळी, खजूर, संत्र्याच्या फोडी, खारे शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. जार चिंचवडला नळावर भरलेले. त्यातली गंमत मला नेहमी वाटते. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे उपसलं जातं, शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोचतं. उरलेली नदी मोरया गोसावींच्या समाधीजवळून जाऊन दापोडीला मुळेत मिळते. म्हणजे पवनेचं पाणी आम्ही टेम्पोत घालून परत पवनेवर आणतो, डिझेल जाळून. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग तळ्यातलं प्या की.”

रस्त्याची आखणी सोपी आहे. पवनानगर धरणाच्या भिंतीपाशी, तळ्याच्या पूर्व टोकाला. तिथून तळ्याला दोन बाजू फुटतात. उत्तरेची बाजू ठाकूरसई, आंबेगाव, दुधिवरे करत खिंडीवर चढते आणि पलीकडे लोणावळ्याला उतरते. दक्षिणेची बाजू ब्राह्मणोलीवरून तिकोनापेठ आणि पुढे जवणकडे जाते. आम्ही आधी उत्तर बाजूने खिंडीच्या माथ्यापर्यंत जातो, तसेच माघारी येतो, मग दक्षिण बाजू धरतो. म्हणजे पवनानगर दोनदा लागतं, एकदा अर्ध्यावर आणि एकदा शेवटी. अर्ध्यावर गाड्या उभ्या दिसतात, एसटी स्टँड दिसतो, वड्याचा वास येतो. धावणाऱ्याच्या निश्चयाची खरी परीक्षा तिथे होते, खिंडीत नव्हे.

पाच वाजता निघालो तेव्हा काळोख गच्च होता. डोक्याला टॉर्च बांधलेले, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःपुरतं पाच-सहा फुटांचं जग. पाणी डाव्या हाताला आहे हे दिसत नाही, कळतं; ओढ्यापाशी उतरलं की गारवा पायाला लागतो आणि चढून वर आलं की हवा जरा उबदार होते. समोरून दुधाच्या किटल्या लटकवलेल्या मोटरसायकली येत होत्या. त्यांना आमची सवय झालीय. दिवा एकदा खाली-वर करून जातात. मुक्कामाची एसटी मात्र मधोमध चालते आणि आपणच बाजूला व्हायचं असतं.

ठाकूरसई-आंबेगावच्या पट्ट्यात रविवारची पहाट म्हणजे शनिवारच्या रात्रीचं शेपूट. तळ्याच्या काठाने तंबूंच्या रांगा, अर्धवट विझलेल्या शेकोट्या, कुठेतरी अजून चालू असलेला स्पीकर. गेल्या काही वर्षांत हा धंदा इथे जोरात वाढला. भातशेतीच्या तुकड्यावर, आंब्याखाली, मिळेल त्या उतारावर तंबू. मुंबई-पुण्याची पोरं येतात, रात्रभर जागतात, सकाळी फोटो काढून जातात. शहरी माणसाने यावर नाक मुरडायची पद्धत आहे आणि थर्माकोलच्या ताटल्या बघून मीही मुरडते. पण त्या तंबूंचे खिळे ठोकणारे, पहाटे चुलीवर पोहे टाकणारे हात गावातल्याच पोरांचे आहेत. एरवी ती तळेगाव-चाकणच्या कारखान्यांच्या फाटकांवर कंत्राटी कामासाठी उभी असती. एका तंबूच्या दाराशी ब्लँकेट गुंडाळून बसलेला मुलगा आम्हाला बघून मित्राला म्हणाला, “हे लोक पैसे देऊन हे करतात?” आम्ही पैसे देत नाही, हे सांगायला मी थांबले नाही, चढ सुरू झाला होता.

दुधिवऱ्याच्या खिंडीचा चढ कसा चढायचा, यावर आमच्या कोचचं एकच सांगणं असतं: घड्याळ बघू नका, श्वास बघा. सपाटीवरचा वेग चढावर टिकवायला गेलं की नाडी भडकते आणि मांडीतली साखर पुढच्या दहा किलोमीटरांसाठी ठेवलेली असते ती इथेच जळून जाते. तेव्हा श्रम सारखे ठेवायचे आणि वेग पडेल तसा पडू द्यायचा. पावलं लहान, लवकर. कमरेत वाकायचं नाही. वाकलं की फुप्फुसं आवळली जातात. झुकायचं ते घोट्यातून, सबंध अंगाने. नजर पुढच्या वळणावर नको, दहा-बारा फुटांवर. आणि फारच झालं तर सरळ चालायचं. चढावर चालणं म्हणजे हार, असं मानणारे रनर असतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही; बहुतेकदा ते मला परतीच्या वाटेवर, पोटरीला स्प्रे मारताना भेटतात.

माझ्या जोडीला हिंजवडीवाल्या पोरांपैकी एक होता. पहिलीच मॅरेथॉन त्याची. पाय माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचे, पण कोचने त्याला ‘काकूंच्या पुढे जायचं नाही’ म्हणून दम दिलेला. तो बिचारा तिसऱ्या वळणापासून लगाम खेचल्यासारखा माझ्या बाजूने चालला होता. “काकू, बोला ना काहीतरी,” म्हणाला. चढावर बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा, हाही एक नियमच आहे. पण तो पाळायला आधी दम असावा लागतो. मी त्याला माथ्यापर्यंत थांबायला सांगितलं.

माथ्यावर पोचलो तेव्हा फटफटलं होतं. टॉर्च बंद केले. उजव्या अंगाला लोहगड, त्याच्या विंचूकाट्याची लांब सोंड आभाळावर कोरल्यासारखी स्पष्ट. मागे वळून पाहिलं तर अख्खं तळं खाली, आणि त्यापलीकडे तुंग आणि तिकोना. तुंगाचा सुळका आधी उजळला. तळ्यावर अजून धुक्याचा थर होता आणि तो सुळका त्यातून सुटा वर आलेला. ज्यांना हे किल्ले फक्त ट्रेकच्या यादीतून माहीत आहेत त्यांनी एकदा या खिंडीत उभं राहावं. बोरघाटातून वर येणाऱ्या वाटांवर आणि पवन मावळच्या खोऱ्यावर नजर ठेवायला हे चार गड, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, असे का बसवलेत, हे इथे समजावून सांगावं लागत नाही. नदीचं खोरं मधे आणि पहारेकरी चार बाजूंना. पहारा देण्याजोगं ते खोरं आता पाण्याखाली आहे, एवढाच फरक.

खिंडीच्या दुसऱ्या बाजूला औंढोली आणि लोणावळ्याचे दिवे दिसत होते. पोराने गूळ-शेंगदाण्याची चिक्की तोंडात टाकली आणि विचारलं, “हां, आता बोला. काय सांगणार होता?”

सांगायचं होतं ते त्या दिव्यांकडे बघूनच सुचलेलं. लोणावळ्याच्या आसपासची बरीचशी तळी, वळवण, शिरवटा, लोणावळा, नैसर्गिक नाहीत. ती टाटांनी विजेसाठी बांधली. वळवणच्या कामाची पायाभरणी १९११ सालची. कल्पना धाडसी होती. इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी एरवी पूर्वेला वाहत भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाणारं. ते घाटमाथ्यावर अडवायचं, पश्चिमेला वळवायचं आणि नळांतून कोकणात, खोपोलीला, सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचं. १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या विजेवर चालू लागल्या. जमशेटजी टाटा तोवर वारले होते. हे सगळं पार पाडलं त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजींनी.

“धावण्याचा काय संबंध?” पोराने विचारलं.

संबंध आहे. दोराबजींना मैदानी खेळांचं वेड होतं. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत त्यांनी खेड्यातली पोरं अनवाणी लांब पल्ल्याचं धावताना पाहिली आणि ही पोरं ऑलिंपिकला न्यायला हवीत, हे त्यांच्या मनाने घेतलं. मुंबईच्या गव्हर्नरांशी बोलणं झालं, पैशाची बरीचशी सोय त्यांनीच केली, आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा पहिला संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन धावले. पावसाळी, गार हवा, परका देश, बोट गाठून केलेला लांबचा प्रवास. दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत त्यांनी शर्यत पूर्ण केली आणि एकोणिसावे आले. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर असं कायमचं ठरलं ते त्यानंतरच्या वर्षी, १९२१ मध्ये. अँटवर्पचा रस्ता त्याहून लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. ऑलिंपिकमधली ती सर्वांत लांब मॅरेथॉन.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, “दोन पन्नास? म्हणजे चारच्या पेसने?” त्याने मनातल्या मनात हिशेब केला होता. हल्लीच्या पोरांना इतिहास असाच पोचतो, मिनिटं भागिले किलोमीटर करून. मला त्यात वावगं वाटत नाही.

गोष्टीचा उरलेला भाग मी त्याला उतारावर सांगितला. चौगुले अँटवर्पला धावले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२१च्या एप्रिलात, या डोंगरांच्या पलीकडच्या मुळशी खोऱ्यात शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. सेनापती बापटांचं नाव पुढे त्या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे उभारलेला आपल्याकडचा तो पहिला मोठा लढा. ते हरले, धरण झालं. खेड्यातल्या अनवाणी पोरांमध्ये ऑलिंपिक पाहणारे दोराबजी आणि मुळशीच्या भातखाचरांवर पाणी सोडणारी त्यांची कंपनी, दोन्ही एकाच काळातली, एकाच मुलखातली. वर्गात मी या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत शिकवते. पुस्तकात त्या तशाच दिल्यात. खिंडीतून उतरताना मात्र त्या वेगळ्या ठेवता येत नाहीत.

उताराबद्दल एक सांगायला हवं, कारण त्याच्याबद्दल गैरसमज फार. लोक चढाला घाबरतात आणि उतारावर हात सोडून देतात. चढावर दम लागतो, पण दम दोन मिनिटांत परत येतो. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना ब्रेकचं काम करावं लागतं; स्नायू लांबवला जात असतानाच आवळून धरायचा, प्रत्येक पावलाला. त्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. ती त्या क्षणी कळत नाही. कळते ती दुसऱ्या दिवशी जिना उतरताना. बोस्टन मॅरेथॉनमध्ये बत्तीस-तेहतीस किलोमीटरच्या दरम्यान हार्टब्रेक हिल नावाचा चढ आहे, जगभर बदनाम. पण जाणकार सांगतात, त्या चढावर माणसं मोडतात याचं कारण तो चढ नाहीच. सुरुवातीच्या लांब उतारावर त्यांनी मांड्या आधीच खर्ची घातलेल्या असतात. दुधिवऱ्याच्या उतारावर मी म्हणून टाच आपटत नाही, पाय अंगाखालीच पडू देते आणि वेग गरजेपुरताच घेते. पोरगा मात्र इथे सुटला. कोचची बंदी ‘चढावर काकूंच्या पुढे जायचं नाही’ अशी होती, असा अर्थ त्याने सोयीने काढला.

पवनानगरला परतलो तेव्हा ऊन अंगावर यायला लागलं होतं. अपेक्षेप्रमाणे तिथे पाच-सहा जण गळाले. कोणाचा गुडघा, कोणाचं घरी पाहुणे येणं. अण्णांनी मला केळं दिलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, “तुम्ही जाताय.” तो प्रश्न नव्हता.

दक्षिण बाजू मला जास्त आवडते. तंबू इथेही आहेत, आणि बंगलेही. काही ठिकाणी रस्ता आणि तळं यांच्यामध्ये उंच भिंती उभ्या राहिल्यात. पाणी पन्नास पावलांवर असतं आणि ‘खासगी मालमत्ता, प्रवेश बंद’ वाचत धावावं लागतं. पण ब्राह्मणोली सोडून पुढे गेलं की भाताचा पट्टा लागतो. कापणी उरकलेली, खाचरांत नुसती खुंटं. खळ्यावर झोडणी चाललेली. दोन बायका भाताचे पेंढे आडव्या ठेवलेल्या फळीवर आपटत होत्या आणि प्रत्येक आपटण्याबरोबर दाणे फुटल्यासारखे उडत होते. बाजूला पेंढ्याची उडवी रचलेली. नव्या भाताचा वास, जरासा गोडसर, रस्त्यापर्यंत येत होता. मावळचा इंद्रायणी आता सगळ्या महाराष्ट्राच्या ताटात आहे. तो वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आला, आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून. आंबेमोहराचा वास आणि आयआर-८ चं उत्पन्न. बाजारात त्याच्या नावाने काहीबाही विकलं जातं ती गोष्ट वेगळी.

तिकोनापेठेच्या अलीकडे, डांबरी संपून खडी वर आलेल्या एका तुकड्यावर, माझ्या पोटरीत गोळा आला. अण्णांचा टेम्पो पुढे गेलेला. एका टपरीपुढच्या बाकावर बसले, बूट काढला, पाय ताणून धरला. टपरीत सत्तरीपुढचे एक बाबा चहा गाळत होते. त्यांनी न विचारता चिमूटभर मीठ आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. मी खाऊन पाणी प्यायले. मग त्यांनी विचारलं, “कुठनं निघाला?”

“पवनानगरहून. खिंडीपर्यंत जाऊन आले. आता जवणच्या फाट्याला वळणार.”

“लई चढ हाय नव्हं.”

मी म्हणाले, बाबा, एवढं मोठं तळं शेजारी आणि रस्ता सारखा वर-खाली. तळ्याच्या कडेने सरळ का नाही काढला?

बाबांनी गाळणी बाजूला ठेवली. “सरळ व्हता की. खाली.” हाताने पाण्याकडे दाखवलं. “नदीच्या अंगानं वाट व्हती, गाडीवाट. पाक सपाट. आमची खाचरं तिथंच. कामशेतला बाजाराला बैलगाड्या तिथनंच जायच्या. धरान आलं, वाट बुडली. मग हे असं डोंगराच्या पोटातनं काढलं.”

रस्ता असा का, याचं उत्तर हे होतं. नदीने हजारो वर्षांत तयार केलेली सपाट, गाळाची, भाताची जमीन सगळी खोऱ्याच्या तळाशी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला धरण उभं राहिलं आणि साडेआठ टीएमसी पाण्याखाली गेली ती नेमकी तीच. उरले डोंगरांचे उतार. गावं वर सरकली, रस्ताही वर सरकला. आता डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर त्याला चढावं लागतं आणि दोन सोंडांमधल्या प्रत्येक ओढ्याला उतरावं लागतं. सकाळपासून ज्या चढांना मी मनात शिव्या घालत होते, त्यातला एकही सह्याद्रीने मला अडवायला ठेवलेला नव्हता. चिंचवडला नळ सोडल्यावर पाणी यावं म्हणून ते माझ्या वाट्याला आले होते. माझ्या वाट्याला वर्षातून एकदा, हौस म्हणून. बाबांच्या वाट्याला रोज.

“जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली?” मी विचारलं.

“कुनाला मिळाली. कुनाची नातवंडं हेलपाटं घालत्यात.” ते हसले. रागावून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पवनेच्या शेकडो धरणग्रस्त खातेदारांचं पुनर्वसन पन्नास वर्षांनंतरही रखडलेलं आहे, हे मला वर्तमानपत्रांतून माहीत होतं; मधूनमधून धरणावर आंदोलन झाल्याची बातमी येते आणि चिंचवडला पाणीकपातीची शक्यता म्हणून आम्ही ती वाचतो. धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याचा प्रकल्प निघाला तेव्हा मावळ पेटलं, कारण नदीत वाहणारं पाणी नळात गेलं की काठच्या शेतीला काय उरणार, हा साधा सवाल होता. ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. बऊर आमच्या येण्याच्या वाटेवरच आहे. पहाटे टेम्पोत आम्ही गाणी म्हणत तिथून पुढे आलो होतो.

“वाघेश्वर बघितला का?” बाबांनी विषय बदलला. धरणात बुडालेलं शंकराचं जुनं दगडी देऊळ, हेमाडपंती बांधणीचं. पाणी उतरलं की उन्हाळ्यात वर येतं आणि पावसाळ्यात परत बुडतं. फोटो पाहिले होते, प्रत्यक्ष नाही. “शिमगा झाला की या. मग दिसतो हळूहळू. आधी वरचं, मग खालचं. पोरंसोरं जात्यात, आम्ही नारळ फोडतो. पाऊस लागला की गेला आत.” आणि मग, माझ्या पोटरीकडे बघत, “तवा गाडी घेऊन या. पळत नको.”

चहाचे पैसे त्यांनी घेतले, मिठाचे नाही.

जवणच्या फाट्यावरून परत फिरले तेव्हा तिकोना माथ्यावर होता आणि बत्तिसावा किलोमीटर मागे पडला होता. इथून पुढचे दहा किलोमीटर मॅरेथॉनमध्ये वेगळे मोजतात. शरीरातला साखरेचा साठा सरत आलेला, मेंदू ‘बस झालं’ म्हणत असतो आणि सबबी फार हुशार सुचतात. मला सुचलेली सबब अशी की माझ्या वयाला बत्तीस किलोमीटर पुरे. मी ती मनात दोनदा म्हणून पाहिली, पटली. तरी पाय चालत राहिले, कारण टेम्पो पुढे होता आणि थांबले असते तरी पवनानगरपर्यंत चालतच यावं लागलं असतं. मोठ्या निर्धाराच्या गोष्टी ज्या सांगितल्या जातात, त्यातल्या निम्म्यांमागे मला वाटतं असलीच व्यवस्था असते.

फरक एवढा पडला की चढ आला की आता मी डावीकडे, खाली, पाण्याकडे बघत होते. ऊन चढल्यावर धुकं गेलं होतं आणि तळं निळं, तुळतुळीत दिसत होतं. ही सोंड चढले, म्हणजे हिच्या खाली अमुक खाचर असणार. हा ओढा उतरले, म्हणजे तो खाली जिथे नदीला मिळायचा तिथे गाडीवाट ओलांडायची जागा असणार. पाय वरच्या रस्त्यावर आणि डोक्यात खालचा रस्ता, असे सहा-सात किलोमीटर गेले. पोटरीकडे लक्ष द्यायला सवड झाली नाही, हा त्याचा फायदा.

एका उतारावर हिंजवडीचा पोरगा सापडला. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून मांड्या चोळत होता. खिंडीच्या उतारावर केलेली मस्करी आता मांड्यांनी वसूल करायला घेतली होती. मला बघून उठला. “काकू, तुमच्याबरोबर येतो. पुढे जात नाही आता.” उरलेले चार किलोमीटर आम्ही चढावर चालत, उतारावर लटपटत आणि मधे मधे धावत काढले. जाता जाता त्याला बाबांची गोष्ट सांगितली. त्याने फक्त एक प्रश्न विचारला: “म्हणजे आधी इथे फ्लॅट कोर्स होता?” मी म्हणाले, होता.

पवनानगरच्या स्टँडवर पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात ४१.८ दाखवत होतं. डोंगराळ रस्त्यावर जीपीएसचा हिशेब थोडा इकडे-तिकडे होतोच. पण रनर या प्राण्याला ते पटत नाही. आमच्या आधी पोचलेले दोन डॉक्टर स्टँडच्या आवारात गोल गोल फिरून आपापले बेचाळीस पुरे करत होते आणि एसटीची वाट बघणाऱ्या बाया त्यांच्याकडे काळजीने बघत होत्या. आम्हीही त्यांच्या मागे लागलो. ४२.२ झाले तेव्हा घड्याळाने बारीक आवाज केला आणि मी जागच्या जागी थांबले.

समोर अण्णांनी टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं. खानावळीतून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं, लसणाचा ठेचा, कांदा हाताने फोडलेला. मी बूट काढले. पोरगा अजून उभाच होता, घड्याळ बघत.

“काकू, चौगुल्यांचं किती होतं म्हणालात? ४२.७५?”

“हो.”

“म्हणजे अजून अर्धा किलोमीटर.”

“त्यांच्यासारखे पाय असतील तर जा,” मी म्हणाले. “पिठलं गार होतंय.”

तो खरंच गेला, लंगडत, धरणाच्या भिंतीच्या दिशेने. अण्णांनी त्याच्यासाठी दोन भाकऱ्या झाकून ठेवल्या आणि बाकीच्या आम्ही संपवल्या.